साखरेवाचून चॉकलेट

वाण्याच्या दुकानात एखादे पोर जाते आणि म्हणते, "काका, एक चॉकलेट द्या." काका बरणीत हात घालतात आणि त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतात. पोर खूश, काकाही खूश! त्या गोळीत चॉकलेटचा अंशही नसतो. पण आपल्या बोलीत कागदात गुंडाळलेले जे जे गोड, ते ते चॉकलेट. रावळगावची गोळी चॉकलेट, आवळ्याची सुपारी चॉकलेट, दाताला चिकटणारी दुधाची वडी, तीही चॉकलेटच.

हे आरंभीच सांगतो, कारण आज घरच्या घरी चॉकलेट कसे करावे आणि तेही पांढरी साखर न घालता, याविषयी बोलायचे आहे. तेव्हा 'चॉकलेट' म्हणजे काय आणि 'साखरेवाचून' म्हणजे काय, हे दोन्ही शब्द आधी धुऊन-पुसून घेतले पाहिजेत. त्यांतला दुसरा शब्द अधिक फसवा आहे. त्याने एखाद्याच्या घरी खरेच नुकसान होऊ शकते. त्याच्याकडे वळूच, पण क्रमाने जाऊ या.

पुणे-नाशिक रस्त्यावर इंद्रायणीच्या काठी मोशी हे गाव आहे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेतांच्या जागी इमारती आल्या, पण मोशीच्या उपबाजारात भाजीपाल्याच्या गाड्या अजून लागतात, आणि किसान प्रदर्शनासाठी डिसेंबरात राज्यभरचे शेतकरी मोशीची वाट धरत आले आहेत. गाव आणि शहर यांची गाठ जिथे पडते, तिथे घरी केलेल्या खाऊला गिऱ्हाईक मिळते. बायकांचे बचत गट पापड-कुरडया, चटण्या करीत होतेच. आता गुळाच्या चॉकलेटाची भाषाही ऐकू येते. महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत अशा गटांना आपला माल मांडता येतो. आणि गंमत पाहा, याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, देहूच्या पलीकडे इंदुरीला कॅडबरीचा मोठा कारखाना गेल्या शतकातच उभा राहिला. जुन्या पुणेकरांना साठे कंपनीची बिस्किटे-चॉकलेटेही आठवतील. म्हणजे चॉकलेट या मुलखाला नवे नाही. नवे आहे ते आपल्या चुलीवर चॉकलेट करणे.

आता चॉकलेट म्हणजे काय ते पाहू. कोको नावाचे एक झाड असते. मूळचे ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. आपल्याकडे १९६५ च्या सुमारास त्याच्या लागवडीला पद्धतशीर चालना मिळाली आणि आज केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू या राज्यांत नारळी-पोफळीच्या सावलीला कोको लावतात. कोकणातल्या बागांतही तो येतो. कर्नाटकात पुत्तूरला सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेने १९८६ साली स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. उसाच्या बाबतीत आपण जे प्रवरानगरला केले, तशातलाच हा प्रकार.

कोकोचे फळ झाडाच्या थेट खोडाला लागते. पपईच्या लहान भावासारखे दिसते म्हणा ना. आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या गरासकट पाच-सहा दिवस झाकून आंबवतात, मग उन्हात वाळवतात, भाजतात, पाखडून टरफल काढतात आणि दळतात. शेंगदाणा दळला की कसे तेल सुटून तो ओलसर होतो, तसेच इथे होते, कारण या बीत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. तो दाबून काढला की मिळते ते कोकोचे लोणी. बाजारात त्याला कोको बटर म्हणतात. मागे उरलेली पेंड दळली की झाली कोको पावडर. ही पावडर चाखून पाहा, कडू जहर! हा कडूपणाच चॉकलेटाचा खरा स्वाद. त्यात गोडवा घालायचा तो माणसाने.

कारखानदार त्यात साखर घालतो, आणि त्याचे कारण नुसती स्वस्ताई नव्हे. साखर कोरडी असते, तिला स्वतःचा वास नसतो आणि ती दळून मैद्याहून बारीक करता येते. बाजारातल्या दुधाच्या चॉकलेटात साधारणपणे निम्मी साखरच असते. वेष्टनावर छापलेले असते, पण ते वाचतो कोण?

गुळाची गोष्ट वेगळी. गूळ ओलसर असतो, त्याला स्वतःचा वास असतो आणि त्यात पाणी ओढून घेण्याचा गुण असतो. श्रावणात डब्यातल्या गुळाला पाझर फुटतो, हे घरातल्या बाईला कुणी शिकवायला नको. उसातली काही साखर गुळात फुटून तिचे दोन वेगळे घटक झालेले असतात आणि हे घटक हवेतली ओल धरून ठेवतात. गुळाचे चॉकलेट करताना ज्या ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ या ओलीत आहे.

चॉकलेटचे आणि पाण्याचे हाडवैर. कोको बटरमध्ये कोकोचे आणि गोडव्याचे बारीक बारीक कण तरंगत असतात, म्हणून वितळलेले चॉकलेट मधासारखे वाहते. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की ते कण पाणी पिऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे मिश्रण क्षणात आखडते. भांड्यात रवाळ गोळा उरतो. ओला चमचा, पातेल्याच्या झाकणावरून गळलेली वाफ, एवढेही पुरते. आणि नेमके हेच न कळल्यामुळे पुष्कळ जणी वितळलेल्या चॉकलेटात मध ओततात, काकवी ओततात, नाहीतर ओलसर गूळ कुस्करून टाकतात. मधात शंभरात सतरा-अठरा भाग पाणी असते, काकवीत त्याहून जास्त. मग गोळा झाला की दोष आपल्या हाताला देतात. दोष हाताचा नाही, पाण्याचा आहे. असा गोळा झालाच तर टाकू नका. त्यात वाटीभर कडकडीत गरम पाणी किंवा दूध थोडे थोडे घालीत घोटा. पातळ, चांगले पेय होते. थोडे पाणी चॉकलेटचा नाश करते, भरपूर पाणी त्याला पुन्हा वाहते करते. असे का, हे वर्गात मुलांना विचारायला छान प्रश्न आहे.

यावरून आपल्याला दोन वाटा दिसतात. एक, गूळ अगदी कोरडा करून वापरायचा. दुसरी, आपल्या आजीच्या वाटेने, म्हणजे पाक करून वडी थापायची. तिसरी एक वाट आहे, खजुराची. ती सगळ्यांत सोपी, म्हणून तीच आधी सांगतो.

मऊ खजूर बिया काढून पाव किलो घ्या. दीडशे ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, साले पाखडून टाका. शेंगदाणे भाजण्याआधी निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा निर्दयपणे फेकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते आणि ते भाजल्याने जात नाही. दाण्याचे जाडसर कूट करा. खजूर मिक्सरमधून काढा, नाहीतर पाट्यावर वाटा. पाणी मात्र घालायचे नाही, बरं का. दोन्ही परातीत घेऊन तीस ग्रॅम, म्हणजे मोठे पाच-सहा सपाट चमचे कोको पावडर चाळून घाला, दोन चमचे पातळ तूप आणि चिमूटभर मीठ घाला आणि पुरणासारखे मळा. मीठ विसरू नका. कडू आणि गोड यांची गाठ तेच घालून देते. सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या तर पस्तीस-चाळीस होतात. वरून खोबऱ्याचा कीस किंवा भाजलेले तीळ लावा. चुलीवर फक्त शेंगदाणे भाजायचे, त्यामुळे शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांकडूनही हे करून घेता येते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. दुकानातून आणताना 'कोको पावडर' आणा, 'ड्रिंकिंग चॉकलेट' आणू नका. डबे सारखेच दिसतात, रंगही तोच. दुसऱ्या डब्यात मात्र पुष्कळशी साखर मिसळलेली असते. डब्यामागे घटकांची यादी असते आणि तीत जे वजनाने जास्त ते आधी लिहावे लागते. पहिलाच शब्द 'साखर' असेल तर डबा परत फळीवर ठेवा.

आता पाकाची वडी. यासाठी दोनशे ग्रॅम गूळ चिरून घ्या. चिक्कीचा गूळ नको, साधाच घ्या. चिक्कीचा गूळ मुद्दाम चिवट केलेला असतो, त्याची वडी मऊ राहत नाही. गुळात चार मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळू द्या आणि मलमलीतून गाळून घ्या. काय काय निघते ते पाहून ठेवा. पुन्हा गाळल्याशिवाय गूळ वापरणार नाही! गाळलेले पाणी जाड बुडाच्या पातेल्यात पुन्हा चढवा. वाटीत थंड पाणी घेऊन पाकाचा थेंब टाकीत राहा. आधी तो पसरेल. मग बोटांत धरल्यावर त्याची मऊ गोळी होईल. इथे थांबायचे. आणखी पुढे गेलात, थेंब काचेसारखा टणक झाला आणि मोडताना टक् वाजला, तर तुम्ही लोणावळ्याला पोचलात, ती चिक्की झाली. आणि गोळी होण्याआधीच उतरवलात तर वडी थापली जाणार नाही, चमच्याने खावी लागेल.

पाक खाली उतरवून त्यात पन्नास ग्रॅम तूप घाला, चाळीस ग्रॅम चाळलेली कोको पावडर घाला, गुठळी मोडा. मग शंभर ग्रॅम दाण्याचे कूट आणि सर्वांत शेवटी शंभर ग्रॅम दूध पावडर. दूध पावडर शेवटी का? गुळाचा चहा उकळताना दूध घातले की फाटतो, हे सर्वांना ठाऊक आहे. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात; कढत आचेवर त्यांनी दुधाचे पनीर होते. म्हणून दुधाचे काहीही असो, आच बंद केल्यावरच घालावे. मिश्रण भांड्याची कड सोडू लागले की तूप लावलेल्या ताटात थापा, कोमट असतानाच सुरीने वड्या पाडा. चाळीसेक होतात. कुटाऐवजी खमंग भाजलेले नाचणीचे पीठ घालून पाहा. रंगाने ते कोकोत मिसळून जाते, चवीला भरदार होते, आणि ज्या मुलाला नाचणीची भाकरी नको असते ते ही वडी मागून घेते.

तिसरे, खरेखुरे चॉकलेट. याला कोको बटर लागते आणि ते महाग असते, हे आधीच सांगतो. शंभर ग्रॅम कोको बटर, सत्तर ग्रॅम कोको पावडर, ऐंशी ग्रॅम गुळाची पावडर. गुळाची पावडर ताटात पसरून कडक उन्हात एक दिवस ठेवा, वर मलमल घाला. मग मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. कोको बटरचा चौथा हिस्सा किसून बाजूला ठेवा. उरलेले कोरड्या वाडग्यात घालून तो वाडगा गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, पाणी उकळू देऊ नका. वितळले की उतरवून, वाडग्याचे बूड पुसून, त्यात कोको आणि गूळ चाळून घालीत दहा-पंधरा मिनिटे एकसारखे घोटा. मग हाताला जेमतेम कोमट लागू लागले की बाजूला ठेवलेला कीस घालून पुन्हा घोटा. खालच्या ओठाला थेंब लावला तर तो किंचित गार लागला पाहिजे. हे महत्त्वाचे आहे, कारण कोको बटर गोठताना निरनिराळ्या घडणीचे स्फटिक धरते. नीट घडणीचा कीस त्यात पडला की बाकीचेही त्याच्यासारखे गोठते, जसे विरजणाचा थेंब पडला की सगळ्या दुधाचे त्याच वळणाचे दही होते. ही पायरी टाळली तर चॉकलेट मऊ राहते आणि दोन दिवसांनी त्याच्यावर पांढरट राखुंडी चढते. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते. खाल्ल्याने काही होत नाही, पण गिऱ्हाईक घेणार नाही.

काही जण कोको बटर परवडत नाही म्हणून खाण्याचे खोबरेल वापरतात. चव वाईट होत नाही. पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांवर वितळते आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. असे चॉकलेट जत्रेत मांडलेत तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला वाटी-चमचा द्यावा लागेल. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळते. शरीराची ऊब सदतीसची. म्हणून ते ताटलीत घट्ट राहते आणि जिभेवर विरघळते. निसर्गाने हे गणित फार नेमके घातले आहे, आणि चॉकलेटची सारी किंमत याच्यात आहे.

गुळाचे चॉकलेट जिभेला थोडे रवाळ लागेल. त्याला इलाज नाही. कारखान्यात पोलादी लाटांमधून दळून कण इतके बारीक करतात की जिभेला ते उमगतच नाहीत. आपल्या मिक्सरला ते साधणार नाही. मला स्वतःला तो रवाळपणा आवडतो, पेढ्याची आठवण होते. पण ही माझी आवड झाली.

आता ज्याच्यासाठी एवढे सांगत आलो, त्या मुद्द्याकडे येतो. 'साखरेवाचून' म्हणजे काय?

गुळाच्या शंभर भागांत ऐंशी ते नव्वद भाग साखरच असते. पांढरी नव्हे, पण साखर. उरलेल्यात पाणी, थोडे क्षार, थोडे लोह. गुळात लोह असते म्हणून गुळाचे चॉकलेट पौष्टिक, असे कोणी म्हणाले तर हिशेब करा. आपल्या एका वडीत पाच ग्रॅम गूळ पडतो. पाच ग्रॅम गुळातून असे कितीसे लोह मिळणार? रक्त वाढवायचे तर पालेभाजी खा, अळीव खा, कडधान्ये खा. वडी ती वडी. पाच ग्रॅम गूळ म्हणजे चमचाभर साखरच. खजुराच्या एका गोळीतही साधारण तेवढाच गोडवा असतो. त्याच्याबरोबर फळाचा चोथा येतो, ही जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, तीत वरून घातलेली साखर, मध, पाक हे सगळे एकाच हिशेबात धरले आहे. मोठ्या माणसाने ते दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावे तर उत्तम, असे तिचे सांगणे. गूळही त्याच हिशेबात येतो. आपला दोन-तीन वेळचा चहाच यातले किती खातो, ते ज्याने त्याने पाहावे.

आणि म्हणून मधुमेह असलेल्या माणसाला गुळाचे चॉकलेट चालते, हे साफ खोटे आहे. घरात आजोबांना मधुमेह असतो. नातू प्रेमाने म्हणतो, "आबा, हे घ्या, यात साखर नाहीये." आबाही विश्वासाने दोन-तीन वड्या तोंडात टाकतात, आणि साखर नाही म्हणून चौथीही. रक्तात मात्र ती साखर म्हणूनच चढते. गूळ, मध, काकवी, खजूर, नारळाची साखर, सगळ्यांची गत तीच. बाजारातल्या 'शुगर फ्री' चॉकलेटांत वेगळे गोड पदार्थ असतात. त्यांतल्या काहींनी जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. मधुमेही माणसाने काय आणि किती खावे, हे त्याच्या डॉक्टरांना विचारावे, चॉकलेट करणाऱ्याला नव्हे. आणखी एक, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, चॉकलेटातूनही नाही आणि घुटीतूनही नाही. मधात कधी कधी असे जंतुबीज असते की ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करते.

दातांचेही तसेच. गूळ आणि खजूर दातांच्या फटीत साखरेपेक्षाही चिवटपणे बसतात. वडी जेवणाबरोबर द्यावी आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावावी. दिवसभर थोडी थोडी चघळत ठेवू नये.

मग गूळ वापरायचा तरी कशाला, असे तुम्ही विचाराल. विचारावेच. उत्तर असे, की गुळाला स्वाद आहे. स्वाद असला की कमी गोडवा पुरतो. खऱ्या कोकोच्या कडवटपणाबरोबर गुळाची खमंग चव अशी जमते की बाजारच्या चॉकलेटच्या निम्म्या गोडव्यात माणूस तृप्त होतो. आपल्या तिसऱ्या कृतीत शंभरात बत्तीस भागच गूळ आहे, हे पाहा. खरा फायदा इथे आहे, नावात नाही. शिवाय उसाचा गूळ आपल्या मुलखाचा. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि कोल्हापूरचे ऊस व गूळ संशोधन केंद्र या विषयात बरीच वर्षे काम करीत आहे.

मात्र गूळ पारखून घ्या. उसाचा रस कमी पडला की काहिलीत साखर ओतून गूळ करण्याचे प्रकार आपल्या पुणे जिल्ह्यातही अन्न व औषध प्रशासनाने पकडले आहेत. म्हणजे साखर टाळायला गूळ आणावा आणि त्यातूनच साखर घरात यावी! दिसायला पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ बघून भुलू नये. हायड्रॉसची पूड घालून तसा रंग आणतात. गडद तपकिरी गूळ बरा. ज्या गुऱ्हाळावर तुम्ही स्वतः उभे राहून रस पिऊ शकता, तिथला सर्वांत बरा.

गुरुजी आणि बाई, तुमच्यासाठी दोन सोपे प्रयोग देतो. पहिला, दोन-तीन दुकानांचा गूळ काचेच्या पेल्यांत पाण्यात विरघळवा आणि तासभर ठेवा. तळाशी पांढरा गाळ बसला तर त्यावर लिंबू पिळा. फसफसले तर त्यात खडू असण्याचा संशय घ्यावा. दुसरा प्रयोग गणिताचा. मुलांना खाऊची वेष्टने जमवायला सांगा. त्यावर 'दर शंभर ग्रॅममध्ये साखर' असा आकडा असतो. समजा तो पंचावन्न आहे आणि वडी वीस ग्रॅमची आहे. वीस गुणिले पंचावन्न भागिले शंभर, म्हणजे अकरा ग्रॅम; पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर दोन चमच्यांहून थोडी जास्त. मग तेवढी साखर पेल्यात घालून टेबलावर ठेवा. त्रैराशिकाचे असे उदाहरण मुले सहसा विसरत नाहीत. शाळेत खाऊ वाटण्याआधी एखाद्या मुलाला शेंगदाणा बाधतो का, एवढे पालकांना विचारून ठेवा.

आता बचत गटांसाठी दोन शब्द. खाण्याचा माल विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. लहान उद्योगालाही ती लागते, आणि तिच्याने गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो. पुडक्यावर काय लिहायचे हे नीट ठरवा. गूळ किंवा मध घातलेल्या मालावर 'साखर घातलेली नाही' असे छापता येत नाही. २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत ते बसत नाही, आणि प्रामाणिकपणातही बसत नाही. 'गुळाचे चॉकलेट' असे स्वच्छ लिहा. त्या दोन शब्दांनी गिऱ्हाईक जात नाही, उलट थांबून विचारते. खाली घटक वजनाच्या क्रमाने, केल्याची तारीख, शेंगदाणा आणि दूध आहे याचा उल्लेख. कोको बटरऐवजी दुसरे तेल वापरले असेल तर तेही लिहा.

राहिली गोष्ट साठवणीची. खजुराच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात दहा-बारा दिवस चांगल्या राहतात. पाकाची वडी आठवडाभर. कोको बटरचे चॉकलेट त्याहून पुष्कळ जास्त टिकते, पण ते मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका, वास फार लवकर धरते. फ्रिजमध्ये ठेवले असेल तर डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. बाहेरची दमट हवा गार चॉकलेटवर घाम आणते, तो गुळात जिरतो आणि वडी चिकट होते. डबा बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा, मग उघडावा. आषाढ-श्रावणात प्रत्येक वडी लोण्याच्या कागदात वेगळी गुंडाळा आणि एका वेळी आठ दिवसांचीच करा.